जाड आवाजाची मोटार

वसंतराव बोरकरांच्या घरी कणीक मळून झाली की पहिला गोळा मोटारीकडे जाई आणि दुसरा तव्याकडे. सक्करदऱ्यातील आमच्या गल्लीला हा क्रम अंगवळणी पडला होता. पाहुण्यांना मात्र तो समजावून द्यावा लागे, आणि निवृत्त भूमिती-शिक्षक या नात्याने ते काम माझ्याकडे आले होते.

औषधांचे दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर वसंतरावांनी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये स्वतःची मोटार बांधायला घेतली. इंजिन भंगारातल्या गाडीचे, सांगाडा लोखंडी नळ्यांचा, आसने दोन, छप्पर नाही. गल्लीतले तरुण तिला ‘टब’ म्हणतात.

“काका, टबात पाणी कधी भरता?”

“पहिले तू आंघोळ करून ये गा,” वसंतराव शांतपणे सांगतात, “मग पाहू.”

मोटार चालू लागली तरी काम संपले नाही. कारण आवाज. इंजिनातून धूर चार नळ्यांनी बाहेर येतो आणि पुढे एका जाड नळीत एकत्र होतो. जिथे चारांची एक होते, त्या जोडाला कलेक्टर म्हणतात. मोटारीचा आवाज कसा असावा, हे बरेचसे तिथे ठरते. कलेक्टर बाजारात तयार मिळतो, हे मी एकदा सुचवून पाहिले.

“तो नुसता बोंबलते, गुरुजी. मले मोठा आवाज नाही पाहिजे. जाड पाहिजे. भिंतीतून आत जाईल असा.”

मग त्यांनी तो स्वतः घडवायला घेतला, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून पाहू लागलो. चार नळ्यांची लांबी सारखी हवी. पण इंजिनाची चार तोंडे काही जोडापासून सारख्या अंतरावर नसतात. “शाळा सुटली असं समजा,” वसंतराव म्हणाले. “ज्याचं घर जवळ, त्यानं जरा फिरून यावं. म्हणजे फाटकात कोणी कोणाले ढकलत नाही.” म्हणून जवळची नळी त्यांनी वळसा देऊन आणली. नळी तिरपी कापण्यासाठी ते तिच्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून खूण करीत. तो कागद उलगडला की त्याच्या कडेला एक सुरेख लाट दिसे. तिरपा छेद सपाट केला की लाट होते, हे मी फळ्यावर कितीदा काढले असेल; पण तिथे, लोखंडाच्या किसात, ती पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

आता कणकेविषयी. चार गोल नळ्या एकमेकींना चिकटवल्या की मधोमध चार टोकांची, चांदणीसारखी पोकळी उरते. ती बुजवली नाही तर धूर तिथे घुटमळतो. वसंतराव तिच्यात कणीक दाबून बसवत, तिचा ठसा काढून उन्हात वाळवत आणि त्याबरहुकूम पत्रा कापत. पहिल्या कलेक्टरच्या वेळी मात्र उत्साहाच्या भरात त्यांनी कणीक आतच ठेवून जोड पक्का केला. इंजिन सुरू झाले आणि साऱ्या गल्लीत पोळी करपल्याचा वास पसरला. घरोघरच्या बायका आपापल्या तव्याकडे धावल्या.

“काहून जी,” त्यांच्या पत्नी कुसुमताई दारातून म्हणाल्या, “गाडीले जेवाले घातलं का?”

वसंतरावांनी तो कलेक्टर कापून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज मनासारखा नसला की ते मान हलवत आणि म्हणत, “कच्चा आहे.” असे कितीतरी कलेक्टर कच्चे ठरले.

अखेर एका सकाळी त्यांनी मला बोलावले. मी स्टुलाकडे वळलो, तर त्यांनी मला अडवले.

“इथं नाही, गुरुजी. तुम्ही घरात बसा. कुसुमजवळ. मी कोपऱ्यावरून येतो. तिले काही सांगू नका, फक्त पाहा.”

कुसुमताईंना अलीकडे कमी ऐकू येते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कुकरची शिटी, दारावरची घंटा, फोन, सारे बारीक आवाज त्यांच्यापासून दुरावले होते. कानातले यंत्र त्यांना सोसत नसे. “डोक्यात सारखे भांडे पडून राहिले” म्हणून त्या ते काढून ठेवत. पण रस्त्यावरचा ट्रक त्यांना कळे. गिरणीची घरघर कळे. पूर्वी वसंतराव दुकानातून स्कूटरवर येत, तेव्हा स्कूटर उभी करण्याआधीच दार उघडलेले असे. अलीकडे ते घंटा वाजवून थांबत, आणि मग गुपचूप मागच्या दाराने आत जात. वसंतराव ते कलेक्टर का घडवत होते आणि कशासाठी मोडत होते, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळले.

कुसुमताई दाराकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बराच वेळ काहीच झाले नाही. मग आवाज आला. मोठा नव्हता, तो आधी माझ्या तळपायांना जाणवला आणि मग कानांना. मी कुसुमताईंकडे पाहत राहिलो.

त्यांचा हात थांबला. शेंगांची परात त्यांनी बाजूला सारली, पदराला हात पुसले.

“हे आले,” त्या म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या.

मोटार फाटकात उभी होती. वसंतराव आत बसूनच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर उघड्या दारावर.

“काहून जी, तिथंच बसले? या न आत.”

ते उतरले नाहीत. हवेत बोट फिरवून त्यांनी कुसुमताईंना खूण केली, पुन्हा एक डाव, आणि मोटार मागे घेत, पुन्हा घरी येण्यासाठी, कोपऱ्याकडे निघाले.

कुसुमताईंनी दार लावून घेतले आणि कडीवर हात ठेवून त्या आत कान देऊन उभ्या राहिल्या.