दत्तारामचं माप

अंधेरीच्या पुलाजवळ तंबू टाकून बसलेल्या एका वैद्याने दत्ताराम शिंप्याला दीड वर्ष फसवलं, आणि दत्तारामने मला. मला फसवणारा माणूस सहसा दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हात जोडून उभा असतो. या दोघांपुढे मात्र मी थकलो.

घाटकोपरला माझं हार्डवेअरचं दुकान, शेजारच्या गाळ्यात दत्तारामचं शिवणयंत्र. गळ्यात टेप कायम, पण ती तो वापरत नसे. रस्त्यावरच्या माणसाकडे बघून पुटपुटायचा, "छाती अडतीस, डावा खांदा पडको." वर पुन्हा, "टेप गिऱ्हायकाच्या समाधानाक. माप डोळ्यात असता." माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाकडे एकदाच बघून म्हणाला, "सूट उसनो हा." खरं निघालं. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

त्याने बायकोला, सुलोचनाला, मालवणला पाठवलं. घर गळतं, दुरुस्ती काढलीय म्हणे. वर्ष उलटलं तरी त्याच्या तोंडी गवंड्याचं नाव येईना.

"अरे, सिमेंटची एक गोण तरी माझ्याकडून गेली असती ना!" मी ओरडलो. तो मशीन चालवत राहिला.

मग एक दिवस म्हणाला, "हर्नियाचा ऑपरेशन करूचा हा. सोबत कोणतरी व्हया." मी दुकान बंद करून गेलो. सोबत माझ्यासारखा माणूस असला की डॉक्टरही नीट बोलतात.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. हर्नियाचं नव्हतं. लिंगाच्या आतल्या आवरणात एका बाजूला कडक गाठ धरली होती. ती बाजू ताणली जात नाही, म्हणून ताठ झालं की वाकतं. बाक वाढायचा थांबलाय, आता ऑपरेशन करता येईल.

"हर्निया?" मी विचारलं.

"गप रे."

तो कागदावर वाकला. "म्हणजे साहेब, एक बाजू आखडली, तर समोरच्या बाजूक चुणी घेवची. मगे सरळ येतला."

"अगदी तेच करतो आम्ही."

"पण उंची जातली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जाईल. थोडी."

"थोडी म्हणजे?" मी मध्ये पडलो. सवयच. "एवढी कशाला? जरा सांभाळून घ्या, डॉक्टर."

"तुम्ही कोण?"

"शेजारचा गाळा."

दत्तारामला उंचीचं काही नव्हतं. टेप बोटाला गुंडाळत त्याने एकच विचारलं, "बायकोक लागात काय?"

"हा रोग कुणाला लागत नाही. कुणी सांगितलं?"

वैद्याने सांगितलं होतं. तरुणपणीच्या चुकांचं फळ आहे, बायकोलाही धरेल, तिला लांब ठेव. म्हणून मालवण. तिला काही होऊ नये म्हणून दीड वर्ष हा माणूस हातानं भात शिजवून खात होता, आणि आम्ही गाळेवाले त्याच्यावर विनोद करत होतो. त्यात मी पुढे.

ऑपरेशन नीट झालं. घरी पडल्यापडल्या त्याने सुलोचनासाठी ब्लाऊज शिवला, आठवणीतल्या मापावर. ती आली, त्याने तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती तो ब्लाऊज घालून गाळ्यात आली. खांद्यावरून उतरत होता, दोन्ही कुशींत दोन-दोन बोटं ढिला.

दत्तारामने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग गळ्यातली टेप काढली आणि बायकोचं माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं.

"गावाक जेवण जाय नाय," ती म्हणाली. "वाटला, तुमी दुसरी केलात."

पडद्याआड जाऊन तिने ब्लाऊज बदलून त्याच्या हातात दिला. तो उलटा करून दत्ताराम कुशीची शिवण आत घ्यायला बसला.

तंबू केव्हाच उठलाय. मी दोनदा जाऊन आलो. हर्नियाचं मी सोडून देईन. पण त्या बाईच्या अंगावरची ती दोन-दोन बोटं कुणी नेली, हे त्या वैद्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं. यात घासाघीस नाही.