रांगेच्या शेवटाकडून नाव भरली, त्याची बखर

श्रीजलाधिपतये नमः। प्रारंभीच सांगून ठेवितो की पुढील हकीकत कोणी खरी मानणार नाही, आणि न मानल्यास लिहिणारास किमपि वाईट वाटणार नाही, कारण यापूर्वी जे खरे लिहिले ते कोणी मानिले नाही आणि जे लोकांनी मानिले ते खरे नव्हते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख वद्य षष्ठी, भानुवासर, ते दिवशी कालव्याच्या राज्यात उन्हाळी मेळा भरला आणि राज्याची एकुलती नाव पाण्यात राहते की काचेत जाते ऐसा प्रसंग गुदरला. संग्रहालयाच्या मुख्य बाईसाहेब ते दिवशी राजधानीस बैठकीत अडकल्या होत्या. त्यांची या लिहिणारास, म्हणजे संग्रहालयाच्या कारकुनास, आज्ञा जाहली की, "काय घडलं ते लिहून काढा, बुधवारी व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचा, मग मी अभिप्रायवही उघडते." आज्ञेप्रमाणे लिहिले ते येणेप्रमाणे.

राज्य म्हणावे तर कालव्याच्या जुन्या कचेरीची दगडी इमारत. तीत पाणी सोडण्याच्या दारांची लोखंडी चाके, पाणी मोजण्याच्या पट्ट्या, गाळ काढण्याची फावडी आणि वाळवीने अर्धे खाल्लेले नकाशे मांडून कालवा वारसा संग्रहालय ऐसे नाव दिले. इमारतीपुढून कालवा वाहे आणि पैलतीरी आमराई, आणि मेळ्याची सारी मौज त्या आमराईत मांडलेली. कागदाच्या होड्या करून शर्यत लावणे, वाळूत इवले पाट काढून पाणी खेळविणे, मातीची दारे घडविणे, आणि आयाबापांस सावलीत पन्हे. दोन्ही तीरांमध्ये पूर्वी पूल होता, तो तीन वर्षांमागे अतिवृष्टीत खचून गेला आणि नव्या पुलाचा कागद राजधानीस रवाना जाहला, तो तेथे सुखरूप आहे. म्हणोन पलीकडे जाणे ते नावेने. नाव सपाट बुडाची, आठ माणसांची, साहेबी अमलात कालव्याच्या तपासणीस ठेविलेली, आणि दोन्ही तीरांस बांधलेला दोर हातांनी ओढीत ती पार न्यावी.

दोर ओढणारे हरिबाजी ताकवणे. चाळीस वर्षे पाटकरी, म्हणजे कालव्याचे पाणी शेतोशेती पाळीने वाटून देणारे, आणि चाकरी संपल्यावर याच नावेवर नेमलेले. त्यांस नाव म्हणजे जीव की प्राण. बाईसाहेबांस ती ऐतिहासिक वस्तू. बाईसाहेब म्हणाल्या, "हरिबाकाका, एवढी जुनी नाव लोकांच्या चपलांखाली द्यायची म्हणजे मला धडकी भरते. चौथरा बांधू, काच लावू." हरिबाजी म्हणाले, "बाईसाहेब, लाकूड पाण्यात फुगतं तेव्हाच सांधे धरतं. काचेत ठेवली तर वर्षात फाटेल. मग फळ्या मोजायला लोक येतील." अखेर तह जाहला तो ऐसा की मेळ्याच्या दिवशी अभिप्रायवहीत नावेविषयी एकही तक्रार उमटली तर नाव चौथऱ्यावर आणि हरिबाजी तिकिटांच्या खिडकीशेजारी खुर्चीवर. न उमटली तर नाव पाण्यात. त्या तहापासून हरिबाजींस घास गोड लागेना, आणि ते दिवसातून चार वेळा नावेच्या बुडावर हात फिरवून येत.

मग मेळ्याचा दिवस उगवला. कालव्यास पाणी सायंकाळी पाच वाजेतोवर मिळणार, नंतर वरचे दार बंद, हे सर्वांस ठाऊक. त्यामुळे लोक सकाळपासोन लोटले आणि नऊ वाजता नावेपुढे ऐसी रांग जाहली की तिचे शेपूट तिकिटांच्या खिडकीपाशी. रांगेच्या माथ्यावर तान्हूबाई गव्हाणे, सोबत सून आणि दोन नाती. ही बाई कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताची मालकीण, ज्यास लोक टेलचे शेत म्हणतात. ती सहा वाजताच येऊन उभी राहिली होती आणि मागच्या टोपीवाल्या मास्तरांस सांगत होती, "सगळा जन्म टेलला काढला, गुरुजी. आज एक दिवस हेडला उभी हाय." मास्तर म्हणाले, "बरं केलंत."

आता हरिबाजींनी दोर हाती घेतला, रांगेकडे पाहिले, आणि येथे जे घडले ते पाटकऱ्यावाचोन जगात कोणाच्या हातून घडणार नाही. पाटकऱ्याचा नेम, ज्यास शेजपाळी म्हणतात, तो ऐसा की पाणी आधी टेलला द्यावे आणि मग वर वर चढत हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, यावे, कारण हेडवाल्याने आधी घेतले तर टेलला चिखलसुद्धा पोहोचत नाही. चाळीस वर्षे हाच नेम रक्तात मुरलेला. हरिबाजी रांगेच्या कडेने सरळ चालत तिकिटांच्या खिडकीपाशी गेले आणि नुकतीच मोटारीतून उतरलेली आठ माणसे, ज्यांनी अद्याप तिकिटे खिशात घातली नव्हती, त्यांस म्हणाले, "चला, तुमची पाळी." ते म्हणाले, "आमची? आम्ही आत्ता आलो." हरिबाजी म्हणाले, "म्हणूनच." आणि त्यांस रांगेदेखत नावेत बसवून पार केले आणि रिकामी नाव घेऊन परतले.

मग माथ्यावर गलका उठला. मास्तर म्हणाले, "अहो, हा काय प्रकार?" हरिबाजी म्हणाले, "शेजपाळी. टेलकडनं सुरू." तान्हूबाईने कमरेवर हात ठेविले आणि हरिबाजींकडे इतका वेळ पाहिले की दोर त्यांचे हाती जड जाहला. मग ती म्हणाली, "हरिबा, मी टेलला होते तवा तुझी शेजपाळी कुठं गेली होती रं? वरचे लोक शेताकडं जाणारी चारी फोडून पाणी न्यायचे, तू वहीत लिहायचास टेलला पाणी पोचलं. पोचलं का?" हरिबाजी म्हणाले, "मावशी, माझ्या हातात दार होतं, चारी नव्हती." ती म्हणाली, "आणि आज हेडला आले तर तुझी पाळी टेलकडनं. माझ्या नशिबाला तुला बरा शोधून ठेवलाय देवानं." आणि सुनेस म्हणाली, "ती लिवायची वही आण गं." सुनेने वही आणिली, तान्हूबाईने पेनाचे टोपण काढिले, आणि हरिबाजींस डोळ्यांपुढे चौथरा दिसू लागला, त्यावर काच दिसू लागली आणि काचेवरची धूळ पुसणारे आपण स्वतःच दिसू लागले. नेम मोडावा तर चाळीस वर्षे पाण्यात, न मोडावा तर नाव काचेत.

या संकटी लोकांनीच तोड काढिली. शेवटचा तो पहिला, हे एकदा कळल्यावर पुढे उभे राहण्याची कोणास हौस राहिली नाही. मास्तर प्रथम निघाले आणि मागे जाऊन उभे राहिले. ते पाहोन दुसरे त्यांच्याही मागे, तिसरे दुसऱ्यांच्या मागे, आणि प्रत्येकजण शेवटचा होण्याकरिता ऐसा धावू लागला की रांग उलट्या पावली वाढत संग्रहालयाच्या दारातून आत शिरली. मग जी दालने स्थापनेपासोन कोणी पाहिली नव्हती ती रांगेने पाहिली, कारण उभे राहून करणार काय. गाळाविषयीचा फलक मास्तरांनी तीनदा वाचिला आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. एका व्यापाऱ्याने दाराचे चाक फिरवून पाहिले आणि पुढील गावी पाणी सुटले. मग रांग मागल्या दाराने बाहेर पडली आणि कालव्याच्या बांधाने दोन कोस गेली, तेथे एक लग्न लागत होते, नवरदेवाने पुसले ही रांग कसली, कोणी म्हणाले नाव मिळते, तो अंतरपाटाआडोन निघोन रांगेत उभा राहिला आणि वऱ्हाड त्याच्या मागे, आणि नवरी सर्वांच्या मागे, म्हणोन ती सर्वांच्या आधी. तान्हूबाई मात्र जागची हलली नाही. वही मांडीवर, पेन हातात. म्हणाली, "मी पुन्यांदा टेलला जायची नाही. पाच वाजूदे."

इकडे हरिबाजी नेमाप्रमाणे टेल शोधीत निघाले. रिकामी नाव तीरास बांधिली आणि चालू लागले, आणि जों जों चालावे तों तों टेल पुढे पळे. उन्हाने टोपी भिजली, वहाणेचा अंगठा तुटला. कोणी पन्हे पुढे केले तर म्हणाले, "आधी टेल, मग पाणी." बांधाने गेले, लग्नाच्या मांडवातून गेले, अक्षता अंगावर पडल्या त्या झटकीत गेले, आणि पुढे पाहातात तो रांग पुलावरून पैलतीरी गेलेली, आमराईला वळसा घालून दुसऱ्या बाजूने अलीकडे वळलेली, आणि तिचा शेवटचा मनुष्य अर्थात मास्तरच, घामाने निथळत, ज्या जागेवरून निघाले त्याच जागी येऊन तान्हूबाईच्या पुढ्यात तिच्याकडे पाठ करोन उभे. रांगेचे कडे जाहले. त्यास ना हेड ना टेल. हरिबाजींनी मास्तरांस पुसले, "तुम्ही शेवटचे?" मास्तर म्हणाले, "होतो. आता माझ्या मागे या बाई आहेत." हरिबाजी तान्हूबाईपुढे उभे राहिले, आणि चाळीस वर्षांत प्रथमच वहीतला नेम आणि डोळ्यांपुढले माणूस एकाच जागी आले, आणि ते म्हणाले, "मावशी, टेल तुम्ही. तुमची पाळी." ऐसे करोन नेम तसूभर न मोडता हरिबाजींनी

येथवर वाचन जाहले तो व्हरांड्याच्या खांबापाशी बसलेली तान्हूबाई मोठ्याने म्हणाली, "कुठला पूल?"

वाचणारा थांबला. ती म्हणाली, "पूल खचला म्हणून नाव हाय, हे तूच आत्ता वाचलंस. मग रांग पलीकडं गेली कशावरनं? आणि गेलीच असंल, तर पलीकडं पोचलेली माणसं नावंसाठी परत रांगेत कशाला उभी ऱ्हातील? आमराईत पन्हं पीत बसली असती की."

हरिबाजी आपल्या तुटक्या वहाणेकडे पाहात होते. बाईसाहेब म्हणाल्या, "मग झालं काय, आजी?"

"काय व्हायचंय. ह्यानं पहिली नाव टेलकडनं भरली, तेवढं खरं. मी वही मागितली, तेबी खरं. मग ह्यानं माझ्याकडं बघितलं, दोर खाली ठेवला, हात जोडले नि म्हणाला, मावशी, या. आम्ही बसलो. नेम मोडला त्यानं. माझ्यासाठी मोडला. कडंबिडं काही झालं नाही."

"आणि बाकीचे लोक?"

"मग एक नाव हेडची, एक टेलची. पाचच्या आत समदे पार. मधले जरा कुरकुरले."

"त्यांनी वहीत लिहिलं?"

"मधल्यांना पाणी नेहमीच मिळतं. ते कशाला लिवतील."

मग बाईसाहेबांनी वही उघडली. मेळ्याच्या तारखेखाली एकच ओळ, अक्षर मोठे आणि वाकडे. त्यांनी ती मनाशी वाचिली आणि वही हरिबाजींकडे दिली, आणि चाळीस वर्षे जी ओळ ते स्वतःच्या हाताने लिहीत आले ती त्यांस प्रथमच दुसऱ्याच्या हातची दिसली: आज टेलला पाणी पोचले. सही, तान्हूबाई गव्हाणे.

तात्पर्य इतुकेच की नाव पाण्यात आहे, हरिबाजी दोरावर आहेत, मास्तर खरेच गाळाचा फलक वाचून गेले, आणि पूल अद्याप नाही. लेखनसीमा.