मापाडीकाकांचा भागाकार

गोदामावशीवर अन्याय झाला तो यंदाच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी. टिनाच्या खोलीत उन्हानं ती पडली. हाका मारल्या, पण दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी दार उघडलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणातून बोलणं बंद होतं. ती वाचली, कारण मापाडीकाका नेमके तिच्या दारासमोर "साप! साप!" ओरडायला आले होते.

हो, ओरडायलाच. धामणगाव बढेच्या बाजारात जन्मभर कापूस-सोयाबीन तोलून झाल्यावर काकांनी गाव मोजायला घेतलं. ऐन उन्हात कुणाच्याही दारी साप ओरडायचा आणि काठ्या घेऊन किती शेजारी धावतात, ते वहीत टिपायचं.

"साप कुठी हाय, काका?"

"निंघाला तं किती जण येता, हे पाहून राह्यलो बे!"

लोक शिव्या घालतात. आता निम्मे उठतच नाहीत. काका तेही टिपतात. "कटाळा बी आकडाच हाय."

एकदा मी त्यांना मोबाइलवर जगाचा नकाशा दाखवला. दुष्काळ, पूर, युद्धं, गरिबी असं सगळं एकत्र मोजून कुठे किती धोका, तसे देश रंगवलेले. काकांनी डोळे बारीक केले.

"बेरीज केली का गुणाकार?"

"काय फरक पडते?"

"पडते ना! निरं ऊनच असलं तं माणूस शेजारच्या निंबाखाली जाते. त्या शेजाऱ्याशीच भांडण असन तं? गुणाकारच पाह्यजे. मंग धावून येणाऱ्यायनं भागायचं. येणारे जास्त, तं धोका कमी." मग त्यांनी माझं 'गोदामावशीला न्याय द्या' हे पत्रक उचललं. "यात निरं ऊन अन् सरकार हाय. ते दोन दारं काऊन सोडले?"

त्यातलं एक दार आमच्या घरचं होतं.

चिडून मी त्यांची वही ओढली. घरोघरचं उत्तर मांडलेलं. काकांच्या स्वतःच्या घरापुढे मात्र जागा कोरी.

"तुमचंच घर काऊन नाही मोजलं?"

"मोजलं न. दोन डाव ओरडलो." त्यांनी वही हळूच परत घेतली, धोतरानं पुसली. "शून्यानं भागता येत नाही, बापू."

पत्रक मी नव्यानं छापलंय. त्यात दोन्ही दारं आहेत, आमचं पहिलं. पण ते नुसतं वाचून घडी घालू नका. ज्या शेजाऱ्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याच्याकडे आज दुपारी जा. कडी वाजवा. तो उघडेपर्यंत वाजवा.