गुरुपाद वस्तादांना शेवटचं उचलताना

गुरुपाद वस्ताद सकाळी गेले आणि दुपार कलली तरी त्यांना उचलायचं काही कुणाला जमेना.

वडवणीतल्या त्यांच्या अंगणात, समाजाच्या रिवाजाप्रमाणे, वस्तादांना विमानात, म्हणजे अंत्ययात्रेच्या चार दांड्यांच्या डोलीत, मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात झेंडूची माळ. निजामाच्या पलटणीतून परतल्यापासून त्यांनी याच अंगणात गावच्या पोरांना दगडी गोटा उचलायला शिकवला. मन्मथप्पा त्यांचा सगळ्यात जुना चेला. सतरा वर्षं रोज गोटा उचलला बिचाऱ्याने, पण वस्तादांच्या तोंडून एकदाही ‘बरोबर’ ऐकलं नाही. कधी टाच उठली, कधी मान वाकली, काहीतरी निघायचंच. आता तर ते तोंडच मिटलं होतं. निदान हे शेवटचं उचलणं बिनचूक व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मन्मथप्पा धरून चौघे दांड्यांना भिडले. विमान वीतभर उचललं, तोच मन्मथप्पा ओरडला, “ठिवा, ठिवा खाली! आप्पाराव, पाठीची कमान कावून केली बे?”

“मयत उचलायलोय, गोटा न्हाई!”

“वस्तादांची मयत हाय! कमरंतून बस. दांडी नडगीला चिकटू दे, छाती वर काढ.”

दुसऱ्यांदा मागच्याने हिसका दिला. हिसका म्हणजे वस्तादांच्या लेखी महापाप. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा कुणीतरी मध्येच श्वास सोडला, विमान कलंडलं आणि वस्तादांची मान डावीकडून उजवीकडे डुलली, अगदी ‘चुकलं’ म्हणताना जन्मभर डुलायची तशीच.

“अरे बाबांनो, दिस मावळायच्या आत पोचू द्या त्यांना!” अंत्यविधी करायला आलेले जंगमस्वामी वैतागले.

“सबूर, स्वामी. आता हुतंय.”

चौथ्या वेळी त्याने तिघांच्या पाठी, टाचा, माना नीट तपासल्या आणि त्यांच्यावर डोळे ठेवूनच आपली दांडी उचलली. स्वतःकडे बघायचं तेवढं राहिलं! कमरेत कट्टकन आवाज झाला आणि गडी जो वाकला तो वाकलाच. दांडी सुटायच्या आत दुसऱ्याने खांदा दिला. चौघे पाठीच्या मनसोक्त कमानी करून झपाझपा निघूनही गेले.

अंगणात बायका राहिल्या, आणि जमिनीकडे बघणारा मन्मथप्पा. वस्तादांची बायको शिवकांताकाकू जवळ आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“काकू, शेवटचंबी चुकलं माजं. सतरा वर्सांत एकदाबी बरोबर म्हनले न्हाईत.”

“घरात म्हनायचे की! पयल्याच वर्सी म्हनलेते, मन्मथाचं उचलनं लई सुरेक, खोट काडायला जागा न्हाई.”

“मंग मला कावून सांगितलं न्हाई?”

“मीबी तेच इचारलं. तर म्हनले, बरोबर म्हनलं तर उद्यापासून तो येनार न्हाई. मंग मी सकाळधरनं वाट कुनाची बगू?”

मन्मथप्पाला हुंदका आवरेना. काकूच्या पायांवर डोकं टेकावं असं फार वाटलं. पाय समोरच दिसत होते. पण त्याला ना आणखी वाकता येत होतं, ना सरळ होता येत होतं. तो तसाच अर्ध्यावर अडकून रडत राहिला.