संस्थापकांच्या नाकाचा निकाल

'गुन्हा पाताळात पुरलेला असो, या नजरेतून सुटत नाही. माझ्यासमोर खुनी घाम पुसतात, दरोडेखोर आवंढे गिळतात आणि खुद्द सत्य माझी परवानगी घेऊन बाहेर येतं.'

हे कोर्टकाकांचं कोर्टकाकांविषयीचं मत. ते त्यांनी दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. कोर्टात आपण टंकलेखक होतो, एवढी बारीक गोष्ट काही पाटीवर मावली नव्हती. जन्मभर लोकांच्या शिक्षा टाइप केल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वाटायला लागलं, की त्या आपणच ठोठावल्या. काकूंनी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "निरुपद्रवी आहे." डॉक्टर त्या इमारतीत राहत नव्हते.

शनिवारी सकाळी इमारतीत हाहाकार उडाला. तळमजल्यावर, जिन्यासमोर सोसायटीच्या संस्थापकांचा अर्धपुतळा होता. संस्थापक म्हणजे अध्यक्षांचे कैलासवासी वडील. पुतळा होता, चष्मा होता, मिशी होती. नाक नव्हतं.

"अखंड संगमरवर!" अध्यक्ष कापऱ्या आवाजात म्हणाले. "आक्रीत आहे हे!"

सेक्रेटरीबाईंनी तिथल्या तिथे सभा भरवली. ठरावही झाला: नाक तोडणाऱ्याने रविवारी संध्याकाळपर्यंत बाडबिस्तरा घेऊन इमारत सोडावी.

"पण तोडलं कुणी ते कळायचंय ना अजून?" काकूंनी हळूच विचारलं.

"कळेल हो वहिनी," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "शिक्षा तयार असली की गुन्हेगार शोधायला हुरूप येतो."

कोर्टकाकांना तर उधाणच आलं. पुतळ्याभोवती त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली. हात लावणं सगळ्यांना मना. भिंग घेऊन पुतळ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "मिशी पूर्वीपेक्षा भरघोस दिसते. पण त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही." मग तडक वॉचमनकडे गेले आणि भिंग त्याच्या कानाला लावलं.

"कानाची पाळी गालाला चिकटलेली! जन्मजात गुन्हेगार. शास्त्र आहे हे."

"अहो, तुमच्याही पाळ्या चिकटलेल्याच आहेत की," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर मी गुन्हेगाराच्या मनात शिरू शकतो!"

जिन्याखालची एक खोली, तेच वॉचमनचं घर. बायकोचे दिवस भरत आले होते.

"काकू," कोर्टकाका पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आज-उद्याकडे बाळंत होईल ती. कुठे नेऊ तिला?"

काकूंनी त्याच्या बायकोला गरम दूध नेऊन दिलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

संध्याकाळच्या सभेत सेक्रेटरीबाई कडाडल्या, "दया नको! एकाला बाहेर काढलं की दहा जणांना जरब बसते."

तेवढ्यात काकांच्या बुद्धीने उसळी मारली. "थांबा! नाकाच्या जागी चरा उजव्या बाजूला आहे. म्हणजे घाव डाव्या हाताचा. वॉचमन उजव्या हाताचा. इमारतीत डावखुरा एकच, अध्यक्षांचा पुतण्या!"

सभेत एकदम माणुसकी पसरली.

"शिक्षेचा हेतू सूड नसतो," सेक्रेटरीबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "सुधारणा असतो."

"मुळात गुन्हेगार असा कुणी नसतोच," अध्यक्षांनी डोळे टिपले. "परिस्थिती गुन्हेगार असते. त्याला आठवडाभर थंड हवेच्या ठिकाणी पाठवू."

"आणि वॉचमनची परिस्थिती?" काकूंनी विचारलं.

"विषयांतर नको, वहिनी."

रात्रभर विचार करून काकांनी सकाळी तिसरा शोध जाहीर केला. वॉचमन मुळात डावखुराच आहे. पण हा गुन्हा पुढे आपल्या हातून घडणार, हे ओळखून तो लहानपणापासून उजव्या हाताने जेवतोय.

"केवढी ही पूर्वतयारी!" सेक्रेटरीबाई शहारल्या. माणुसकी आटोपली आणि जरब परत आली.

रविवारी दिवस कलायला लागला तशी वॉचमनने सामानाची आवराआवर केली. गादीची वळकटी, स्टोव्ह आणि एक लोखंडी ट्रंक जिन्यापाशी येऊन पडली. त्याची बायको ट्रंकेवर बसून होती, एक हात कमरेवर ठेवून. तिच्याकडे बघवेना, म्हणून काकूंनी मान वर केली. समोर संस्थापक होते. डोक्यावर नवा दिवा भगभगत होता. वडिलांच्या चेहऱ्यावर तेज दिसावं, म्हणून अध्यक्षांनी तो शुक्रवारीच बसवला होता आणि दिवसरात्र चालू ठेवला होता.

मिशी खरंच भरघोस होती. शुक्रवारपर्यंत तर ती पातळ होती.

पदर खोचून काकू दोरीखालून आत शिरल्या.

"अगं, घटनास्थळ! पुरावा नष्ट होईल!"

काकूंनी मिशीला नख लावलं. नख रुतलं. निघालेला पांढरा गोळा त्यांनी हुंगला आणि अध्यक्षांपुढे धरला.

"भावजी, हे मेण आहे. नाक कुणी तोडलेलं नाही. दिव्याच्या धगीने ते वितळून मिशीवर बसलंय. अखंड संगमरवराला मेणाचं नाक कसं हो आलं?"

अध्यक्षांचा चेहरा पुतळ्यापेक्षा पांढरा झाला. मग सगळं बाहेर आलं, तेही कुणाची परवानगी न घेता. पुतळा प्लास्टरचा होता. आणताना खोक्यातच नाक फुटलं, आणि अनावरणाच्या सकाळी अध्यक्षांनी मेणबत्तीचं नाक करून त्यावर चुना फासला.

"मला वाटलं, ते कुणी काढून नेलं असेल," ते पुटपुटले. "सांगितलं असतं तर बाबांची शोभा झाली असती."

"आणि या पोरीचं काय झालं असतं?"

सेक्रेटरीबाई खाकरल्या. "ठराव मागे घेऊ. चूक नकळत झालेली आहे. शिवाय अध्यक्षांची पाठ दुखते."

"अगदी माझ्या आखणीप्रमाणे!" कोर्टकाका म्हणाले. "खऱ्या गुन्हेगाराला बेसावध ठेवायचं होतं मला."

"साहेब," वॉचमनने विचारलं, "मग सामान आत नेऊ?"

"रीतसर अर्ज दे," अध्यक्ष सवयीने म्हणून गेले. "पुढच्या सभेत घेऊ."

काकूंनी वॉचमनच्या बायकोला हाताला धरून उठवलं, खोलीत नेऊन बसवलं. परत येऊन वळकटी काखेत मारली आणि सेक्रेटरीबाईंच्या हातात स्टोव्ह दिला. इतक्या हळुवारपणे दिला, की बाईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही. वॉचमन ट्रंकेकडे वाकला, तसा काकूंनी त्याला थांबवलं.

"तू राहू दे रे. भावजी, ती तेवढी तुम्ही घ्या."

"मी? वहिनी, माझी पाठ..."

काकू नुसत्या बघत राहिल्या. अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ट्रंकेची कडी धरली.

"अहो," काकूंनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही एवढ्या शिक्षा टाइप केल्यात. याला काय म्हणतात?"

कोर्टकाकांनी कुथत चाललेल्या अध्यक्षांकडे भिंगातून नीट बघितलं. उभ्या तपासात पहिल्यांदाच त्यांचं उत्तर बरोबर आलं.

"सक्तमजुरी."