खोली क्रमांक सत्तावीसमधली कातळवाडी

मानवशास्त्र विभागाची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की अभ्यासासाठी मंजूर झालेली वाडी विद्यार्थ्याच्या वसतिगृहातल्या खोलीवर आणून दिली जाई. प्रवासभत्ता बंद झाल्यापासून हीच पद्धत होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्या वर्षी कातळवाडी प्रणिता खोडकेला मिळाली. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, एक विहीर. सोमवारी दुपारी ती टेम्पोतून आली आणि सत्तावीस नंबरच्या खोलीत, दोन खाटांच्या मध्ये, मांडून झाली. विहीर खोल असल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मुलींना कपाट जरा सरकवावं लागलं. रेक्टरबाईंनी एवढंच बजावलं, की खोलीत हीटर चालणार नाही. वाडीनं आपल्याकडे चुली असल्याचं सांगितलं. चुलींबद्दल नियमात काही नव्हतं.

दुसरी खाट ऋजुता टिळेकरची. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती; म्हणजे पंगत उठेपर्यंत दारात उभं राहायचं आणि हसत राहायचं. दोघींनी एकाच दिवशी अर्ज केले होते. प्रणिताला मुलाखतीत अर्धा गुण जास्त पडला. अर्धा गुण कोण देतं हो? पण दिला, आणि तो ऋजुताच्या डोळ्यात सलत राहिला.

वाडी वेगळ्या मजल्यावर नांदली असती तर एकवेळ तिनं गिळलं असतं. पण ती तिच्या उशापाशी नांदत होती आणि तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ऋजुतानं वाडीतल्या पारूमावशींना नुसतं जेवलात का म्हणून विचारलं, तरी त्या अदबीनं, प्रणिताबाईंना विचारून सांगते, असं म्हणत. प्रणिताला मात्र अकरा घरांतून हाका. ती कुणाकडे जेवणार यावरून पारूमावशी आणि त्यांची जाऊ दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. ऋजुता मेसचं पाणचट वरण भुरकत हे सगळं बघे आणि तिचा नुसता जळफळाट होई. एवढी आकडेवारीत कच्ची मुलगी, आणि तिच्या ताटात लोक दूध ओततायत!

मार्गशीर्षात वाडीतल्या सावळाबाबांच्या नातीचं लग्न निघालं. वाडीची रीत अशी, की करवली घरातलीच लागते; परक्या पोरीच्या हाती कलश गेला तर लग्न लागलं असं कोणी मानत नाही. कलश प्रणिताच्या हाती दिला. मांडव कपाटापासून खिडकीपर्यंत होता, वरात व्हरांड्यातून फिरून आली. पंगत मावावी म्हणून ऋजुतानं खाटेवर पाय वर घेतले. करवलीच्या केसात माळलेली अबोली तिला तिथून नीट दिसत होती.

आणि तिला शिष्यवृत्तीचा नियम चौदा आठवला. अभ्यासकाचे अभ्यासलेल्या वाडीशी नाते नसावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तीन प्रतींत तक्रार दिली आणि करवलीचा फोटो जोडला. वाईट वाटेल अशी तिनं मनाची तयारी केली होती. पण तिला बरं वाटलं.

चौकशीला कुलथे नावाचे अधिकारी आले. वाडीच्या शिवेवर त्यांनी बूट काढले आणि ऋजुताच्या खाटेवर बसून वाडीला समजावलं, की कलश चुकून दिला एवढं लिहून द्या, प्रकरण मिटेल. प्रणितानंही हात जोडून तेच सांगितलं. तिची सगळी मेहनत त्यावर होती.

सावळाबाबांनी मान हलवली. "सायेब, चूक म्हनलं तर नातीचं लगीन मोडतंय. आन् ही बी आमची पोरच हाय. एकीचा संसार राखायला दुसरीला परकी म्हनायची व्हय?"

कुलथ्यांनी 'नाते सिद्ध' असा शेरा मारला. शिष्यवृत्ती ऋजुताकडे गेली. प्रणिता वाडीची मुलगी ठरल्यामुळे तिनं खाट रिकामी केली आणि सावळाबाबांच्या घरी राहायला गेली. नात सासरी जाऊन एक माणूस कमी झालं होतं, प्रणिता धरून संख्या पुन्हा त्रेचाळीस भरली. त्यामुळे नव्यानं मंजुरी घ्यावी लागली नाही.

ऋजुता कामाला लागली. तिच्या प्रश्नावलीत एकशे चाळीस प्रश्न होते. वाडीतली माणसं ठरल्या वेळी येत, उभ्यानं उत्तरं देत, नमस्कार करून जात. कुणी खोटं बोललं नाही, कुणी टाळलं नाही. पारूमावशी तर पिढ्यांची नावंही क्रमानं सांगत. प्रणिताची पाळी आली तेव्हा तिनं पदर खोचून, शेणानं माखलेले हात मागे धरून उत्तरं दिली.

"परक्या माणसाला वाडी आपलं कधी मानते?" ऋजुतानं विचारलं. प्रश्न शहाण्णववा होता.

"ते आधी ठाऊक नसतं, बाई," प्रणिता म्हणाली. "अजून किती प्रश्न राहिलेत? भाकऱ्या टाकायच्यात."

बाई म्हटलेलं ऋजुताला झोंबलं. शिष्यवृत्ती आपल्याकडे, वाडी आपल्या नावावर, आणि तरीही हेवा करायचा तो आपणच. ती उरलेले चव्वेचाळीस प्रश्न एकामागून एक वाचत गेली.

वर्षअखेरीला कुलथे मूल्यमापनाला आले. कागद बघून ते खूश झाले. इतकं तटस्थ काम विभागात झालं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पाच वर्षांची मुदतवाढ लिहिली आणि अर्ज सहीसाठी पुढे केला. ऋजुतानं सगळं भरलं. 'वाडीतील व्यक्तींशी नाते' हा रकाना तेवढा तिनं कोरा ठेवला.

"रकाना मोकळा सोडायचा नाही," कुलथे म्हणाले. "निरंक लिहा."

तिनं निरंक लिहिलं, आणि खाली सही केली.