पहिल्या गोलातली चप्पल

"मराठवाड्यात गुप्तहेर तीन. एक मेला, एकानं धंदा सोडला, आणि तिसरा तुमच्यापुढं उभा आहे," अशी वैजीनाथ स्वतःची ओळख करून द्यायचा. पहिले दोघं कोण, हे कुणाला कधी कळलं नाही. गुप्तहेरांची नावं गुप्तच असतात, असं त्याचं उत्तर ठरलेलं. तीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली होती. शिटावरच्या माणसाचा नुसता चेहरा बघून तो ओळखायचा, की हा बिनतिकिटाचा. बहुतेक वेळा त्या माणसाच्या खिशातून पास निघायचा, ती गोष्ट वेगळी. नोकरी संपल्यावर त्यानं दारावर पाटी लावली, 'वैजीनाथ, गुप्तहेर. तपास गुपचूप होईल.' आणि ही पाटी गावाला कळावी म्हणून मारुतीच्या भोंग्यावरून तीनदा पुकारलं.

गाव त्याला कंडक्टरच म्हणत राहिलं.

त्याचा मदतनीस मुंजाजी. वय पासष्टच्या पुढं, घरी अठरा शेळ्या. मागं त्याची एक शेळी हरवली होती. वैजीनाथनं दोन दिवस तपास केला, तिघांवर शक घेतला, दोघांशी भांडण ओढवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी शेळी आपल्या पायानं घरी आली. "दबाव वाढला, यावंच लागलं तिला," वैजीनाथ म्हणाला. मुंजाजी पडला भिडस्त. तेव्हापासून तो त्या उपकारापायी वैजीनाथची पिशवी धरून मागं चालत होता.

हा मामला करोनाच्या दुसऱ्या वर्षातला, दसरा उलटल्यावरचा. पालमहून पाऊण तासावरच्या त्यांच्या गावात, उपकेंद्रात लस टोचणं चालू होतं. नेम कडक होते. तोंडाला मास्क, दारातल्या ड्रमापाशी साबणानं हात धुणं, आणि सुई घेतल्यावर आतल्या खोलीत अर्धा तास बसणं. काही त्रास व्हायचाच तर तो सिस्टरच्या डोळ्यापुढं व्हावा, म्हणून. माणसामाणसांत अंतर राहावं म्हणून पायरीपासून लिंबाच्या झाडापर्यंत चुन्यानं दहा गोल नुकतेच आखलेले.

गोलांत माणसं उभी राहतील असं आखणाऱ्याला वाटलं असावं. तो गावचा नव्हता. गावात ओळ म्हटली की ती चपलांची. रेशन असो नाहीतर टँकरचं पाणी, आपली चप्पल ओळीत ठेवायची आणि आपण सावलीला जाऊन बसायचं. चप्पल म्हणजे माणूसच. दुसऱ्याची चप्पल सरकवली तर त्याला धक्का मारल्यासारखं, आणि त्यावरून मागं डोकी फुटलेली. तेव्हा दहा गोलांत दहा जोड शिस्तीत उभे राहत आणि दहा माणसं लिंबाखाली एकमेकांना खेटून बसत.

सोमवारी पहिला माणूस आला तेव्हा पहिल्या गोलात एक काळी चप्पल आधीच होती. अंगठ्याला तारेचा टाका. आपल्या आधी कुणीतरी आलंय, असं समजून त्यानं आपला जोड दुसऱ्या गोलात ठेवला. दुपार झाली, सगळे सुई घेऊन गेले, पहिल्या गोलातली चप्पल तिथंच. मंगळवारी तेच. बुधवारी पिठाच्या गिरणीवाल्या आदिनाथनं तिचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'सोमवारपासून हा मानूस आत हाय. भाईर आलेला न्हाई. पुढं पाठवा.'

पुढं पाठवण्यात गाव कधीच मागं नव्हतं. दुपारपर्यंत एका माणसाची तीन माणसं झाली, संध्याकाळपर्यंत पाच, आणि पाचातला एक बँड वाजवणारा होता असंही कुणीतरी लिहिलं. विचारलं मात्र कुणीच नाही. विचारायची चोरी होती. पंधरा दिवसांखाली पिंकीनं त्याच ग्रुपवर साधं विचारलं होतं, सुईनं ताप आला तर काय करावं, तर खाली हसणाऱ्या बावीस बाहुल्या आल्या आणि सरपंच शिवप्रसादचे हात जोडलेले, 'अफवा पसरवू नये.' सिस्टरही ग्रुपात होत्या, पण रोज सकाळी शंभर गुलाबाची फुलं यायला लागल्यावर त्यांनी ग्रुपचा आवाज बंद करून टाकलेला.

गुरुवारी उपकेंद्राकडं एक माणूस फिरकला नाही. एका बाटलीत दहा सुया. फोडली की चार तासांत संपवायची, म्हणून दहा जमल्याशिवाय बाटली फोडत नव्हते.

मुंजाजीच्या घरात यानं काळजी शिरली. त्याची बायको केवळाबाई रविवारी लेकासुनेबरोबर ऊसतोडीला जाणार होती. सून दैवशाला तीन महिन्यांची बाळंतीण. ती फडात मोळ्या बांधणार आणि तान्हं केवळाबाईच्या मांडीवर राहणार.

"सुई घेतल्याबिगर मी लेकराला हात लावनार न्हाई," केवळाबाई म्हणाली. "माझ्यापासून त्याला काई झालं तर? अन् मी न्हाई गेले तर तिनं लेकरू ठिवायचं कुठं, बांधावर?"

"मग घे की."

"कशी घेऊ? आंदी एकदा तापात सुई घेतली तर दंड लिंबाएवढा सुजला व्हता माझा. त्यात हे आतला मानूस भाईर येईना. तुमी एवढे त्या कंडक्टरभावजीमागं फिरता, एकदा तरी उपेग करून दाखवा."

मुंजाजीनं वैजीनाथपुढं सगळं मांडलं. वैजीनाथनं डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं. "घेतला मामला," तो म्हणाला. "रविवारच्या आत माणूस काढून देतो. जिवंत असेल तर."

शुक्रवारी सकाळी दोघं उपकेंद्रावर गेले. पहिल्या गोलात चप्पल होतीच. वैजीनाथ तिच्याभोवती उकिडवा फिरला.

"मुंजाजी, काय दिसतं?"

"बाईमानसाची चप्पल हाय, सायेब."

"म्हणजे पुरुष! गुन्हेगार कधी स्वतःच्या चपलेत येत नाही. आणि डावी टाच बघ, झिजलेली. डाव्या अंगाला वजन पडतं. डाव्या हातात काय असतं? जाळं! हा येलदरी धरणावरचा मासे धरणारा."

"मासे धरणारा हितं कामून यील?"

"तेच तर शोधायचं."

पण मग त्यानं चप्पल हुंगली आणि माशाचा वास आला नाही. तेव्हा मासेवाला बाद झाला. "चारठाण्याची देवळं!" तो ओरडला. "चप्पल कशी सरळ, जोडून, बोटं दाराकडं करून ठेवली आहे बघ. देवळात जाणाऱ्याची सवय. हा जुन्या देवळांतल्या मूर्ती हुडकत फिरणारा कुणीतरी आहे."

"दवाखान्यात मूर्ती?"

"म्हणूनच अडकला. शोधतोय बिचारा पाच दिवस."

आत राजेश्री सिस्टर टेबलाशी बसून होत्या. पालमहून पहिल्या एसटीनं यायच्या आणि पाचच्या एसटीनं जायच्या, गावात नुकत्याच आलेल्या. पायांत पांढऱ्या रबरी स्लिपर. वैजीनाथनं ते टिपलं, 'सिस्टर. स्लिपर पांढरी. संबंध नाही.' मग तो आतल्या खोलीत गेला. चार खुर्च्या, एक पलंग, भिंतीवर घड्याळ. त्यानं पलंगाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं आणि लिहिलं, 'तपासणीची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं.' वैजीनाथ मनगटी घड्याळ वापरत नसे. उन्हात चमकून माग लागतो, असं त्याचं मत.

मुंजाजीनं दारातली सावली पाहिली. नऊसुद्धा झाले नव्हते.

"सिस्टर," वैजीनाथनं टेबलापाशी येऊन हळूच सुरुवात केली, "सोमवारी किती लोकांना टोचलं?"

"वीस."

"आणि बाहेर किती पडले?"

"वीसच. का हो?"

"चपला किती होत्या?"

"चपला मोजायचं कलम अजून आलं नाही वरून," सिस्टर म्हणाल्या. "काका, तुमची सुई झाली का?"

वैजीनाथच्या मास्कमध्ये काहीतरी हललं. "माझा तपास चालू आहे," तो म्हणाला आणि पाठ न फिरवता बाहेर आला.

"सायेब," मुंजाजी म्हणाला, "त्यास्नीच इचारलं असतं सरळ, ही चप्पल कोनाची म्हनून?"

वैजीनाथनं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "गुप्तहेर सरळ कधी विचारत नाही, मुंजाजी. सरळ विचारलं की समोरचा सरळ सांगून टाकतो. मग तपासाला काय उरलं?"

दुपारी तो पुन्हा आत जाऊन आला आणि छाती फुगवून वही दाखवली. "बघ! पुन्हा अकरा दहा. दोन्ही खेपांना मिनिटाचा फरक नाही. असा वक्तशीर गुप्तहेर तुला मिळायचा नाही."

मुंजाजी शेळ्या घेऊन घरी आला तेव्हा केवळाबाई ओसरीत सुनेचा मोबाइल घेऊन बसली होती.

"काय म्हनले भावजी?"

"म्हनतेत, मूर्ती शोधनारा मानूस हाय."

"अन् मूर्ती सापडली का?"

"न्हाई."

"मग आता मीच बघते. सूनबाई, ते बोलायचं बटन दाब गं."

"आत्या, समद्या गावाला ऐकू जाईल," दैवशाला म्हणाली.

"जाऊ दे. गावालाच कळायला पायजे."

दैवशालानं बटण दाबून धरलं आणि केवळाबाई मोबाइलला तोंड लावून, रानात हाक मारावी तशी बोलली. "राजेश्री सिस्टर, मी मुंजाजीची घरवाली. त्या पह्यल्या गोलात चप्पल हाय ती कोनाची वो? तो मानूस आत काय करायलाय? अन् दुसरं, मला आंदी एका सुईनं दंड सुजला व्हता, तर मी ही घ्यावी का न्हाई? मला परवा ऊसतोडीला जायचंय, अन् मांडीवर लहान लेकरू हाय. हसायचं त्यानं हसा, पर उत्तर द्या."

सिस्टरकडं दोन दिवसांत सुई घ्यायला कुणी आलं नव्हतं. पाचच्या एसटीची वाट बघत त्यांनी सहज मोबाइल उघडला. वर तीनशे चाळीस न वाचलेले निरोप, आणि सगळ्यात खाली केवळाबाईचा आवाज. त्यांनी तेवढाच ऐकला. उत्तरही बोलूनच आलं, आधी हसू आणि मग शब्द.

"मावशी, ती चप्पल माझी! आत बाहेरचं पायताण चालत नाही, म्हणून सकाळी पायरीशी काढते. रोज जिथं काढते तिथंच कुणीतरी चुन्याचा गोल आखून ठेवला, त्याला मी काय करू? जाताना घालून जाते, पण तेव्हा बघायला कुणी नसतं."

दैवशाला तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मुंजाजीला आतल्या पांढऱ्या स्लिपर आठवल्या. सिस्टर पुढं बोलत होत्या.

"आणि दंडाचं म्हणाल, तर बरं झालं विचारलं. तेव्हा तोंड सुजलं होतं का? दम लागला होता का? अंगावर गांधी उठल्या होत्या का?"

"न्हाई, नुसता दंड," केवळाबाईनं पुन्हा बटण दाबायला लावलं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "मी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, घ्या. टोचायच्या आधी मला एकदा आठवण करा, आणि अर्धा तास माझ्या नजरेपुढून हलू नका. त्रास झाला तर लागणारं औषध मी जवळच भरून ठेवते."

मग पिंकीनं लिहिलं, तापाचं काय? उत्तर आलं. मागून दैवशालानं स्वतःच विचारलं, पाजती आई घेऊ शकते का? घेऊ शकते, असं उत्तर आलं. साखर असलेल्यांनी विचारलं, बीपीवाल्यांनी विचारलं, आणि आदिनाथनं विचारलं की सुई घेऊन गिरणी चालवली तर चालेल का. चपलेचा फोटो त्यानं गुपचूप आपल्या मोबाइलातून पुसून टाकला.

वैजीनाथनं तेवढं लिहिलं, 'मला हे बुधवारीच ठाऊक होतं. पुरावा गोळा करत होतो.'

शनिवारी सकाळी गोलांत चपला लागल्या. पहिल्या गोलात सिस्टरची, दुसऱ्यात केवळाबाईची, आणि पुढं एक एक करत दहाव्यात वैजीनाथची. तो फक्त पाहणी करायला आला होता, आणि रिकामा गोल दिसला म्हणून सवयीनं चप्पल काढून बसला.

सिस्टरनं बाहेर येऊन चपला मोजल्या. "दहा जोड. पण त्यातला एक माझा. म्हणजे माणसं नऊच, आणि त्यातही काका म्हणतात, मला मोजू नका. मग आठ झाले. बाटली कशी फोडू?"

मागून आदिनाथ धापा टाकत आला आणि त्यानं लिंबापाशी नवा गोल ओढून चप्पल ठेवली. नऊ झाले. सगळ्यांच्या माना वैजीनाथकडं वळल्या.

"माझं कसंय," वैजीनाथ म्हणाला, "तपास करणारा माणूस तटस्थ पाहिजे."

केवळाबाई उठून त्याच्यापुढं उभी राहिली. आवाज चढवला नाही. "भावजी, उद्या सकाळी गाडी येनारै. तुमच्यापायी बाटली फुटली न्हाई तर मी त्या लेकराला घेऊ का नको, एवढं सांगा. सरळ सांगा."

वैजीनाथची शुद्ध भाषा एकाएकी गळून पडली. "वैनी, मला सुईचं लय भ्या वाटतंय," तो म्हणाला. "लहानपनापासून."

"मग आंदीच सांगायचं की. भ्या तर मलाबी वाटायलंय. चला, संगं बसू."

बाटली फुटली. केवळाबाईनं सुई घेतली, खुर्चीवर बसली, आणि मुंजाजी खिडकीबाहेर उभा राहून तिच्या दंडाकडं एकटक बघत राहिला. सिस्टरनं मोबाइलवर वेळ लावली होती. अर्धा तास झाला. दंड होता तसाच होता. केवळाबाईनं बाहेर येऊन चप्पल घातली आणि म्हणाली, "चला, बोचकी बांधायचीत अजून." मुंजाजी खिडकी सोडून तिच्यामागं निघाला.

संध्याकाळी तो शेळ्या घेऊन परतताना उपकेंद्रावरून गेला आणि जागीच थबकला. गोल सगळे रिकामे होते, पहिला सोडून. आणि दहावा. दहाव्यात वैजीनाथची चप्पल होती. माणूस आत गेलेला, बाहेर आलेला नाही.

या खेपेला मुंजाजीनं तपास केला नाही. सरळ आत गेला. वैजीनाथ खुर्चीवर दंड धरून ताठ बसला होता, आणि सिस्टर कुलूप हातात घेऊन उभ्या.

"काका, यांना तुम्हीच सांगा. मी चारदा उठवलं. म्हणतात, नियम म्हणजे नियम."

"सायेब, कामून बसलाव?"

"अर्धा तास व्हायचाय," वैजीनाथनं भिंतीकडं बोट केलं. "अजून अकरा दहाच झालेत."

"सायेब," मुंजाजी म्हणाला, "ते घड्याळ बंद हाय."

वैजीनाथनं घड्याळाकडं पुष्कळ वेळ पाहिलं. मग वही काढली, आधीची दोन पानं उलटून बघितली, वही मिटली आणि उठला. बाहेर सिस्टर पहिल्या गोलात आणि तो दहाव्या गोलात, दोघांनी आपापली चप्पल घातली.

रविवारी सकाळी गाडी हलली. केवळाबाई तान्ह्याला मांडीवर घेऊन टपावरच्या सामानाखाली बसली होती. गाडी फाट्याला लागते न लागते तोच ग्रुपवर वैजीनाथचा आवाज आला. घसा दोनदा खाकरून तो बोलला होता, "सिस्टर, मी वैजीनाथ. कंडक्टर. माझा दंड ठणकायलाय. काय करू?"

सिस्टरच्या आधी केवळाबाईचाच आवाज पोचला. मागं गाडीची घरघर आणि लेकराचं रडणं. "सिस्टर सांगतेलच, भावजी. तवर तुमी मला सांगा, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

खाली हसणाऱ्या बाहुल्यांची रांग लागली. मुंजाजी सांगतो, त्यातली पहिली बाहुली वैजीनाथनं स्वतः टाकली होती. त्यानं हे तपास करून काढलेलं नाही. वैजीनाथला सरळ विचारलं.